दांडा रिकामा गेला

सरळगाव, ता. मुरबाड
२ फेब्रुवारी २००५

सारिका,

फोन मी उचलला की तू ठेवून देतेस. आईने उचलला की बोलतेस. म्हणून हे पत्र. नाशिकला तू मुलींना शिकवतेस त्या वसतिगृहाचा पत्ता आईच्या वहीतून घेतला, तिला न विचारता.

इकडे बरं आहे. म्हशाची जत्रा झाली. या वर्षी बैलबाजाराकडे फिरकलो नाही, एक घोंगडी घेतली आणि परत आलो. आईचा गुडघा थंडीत धरतो. माझी कंपनीतली अजून तीन वर्षं राहिली आहेत.

गाडी घरामागे पत्र्याखाली उभी आहे. बॅटरी उतरली. टायर एका जागी बसू नयेत म्हणून पंधरा दिवसांनी ढकलून थोडी पुढेमागे करतो. बाबांनी दांडा काढला का, असं तू आईला विचारलंस म्हणे. नाही काढला. का काढू? तो करायला मला सात महिने लागले. जुनी मारुती घेतली तेव्हा गावात सगळे हसले होते की फिटर म्हातारपणी शौक करतोय. उजव्या पायात कॅलिपर असलेली पोर गाडी चालवील हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. क्लचला तुझा डावा पाय होताच. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर मी तुझ्या उजव्या हातात आणून दिले. दांडा पुढे ढकलला की ब्रेक, आणि त्याच्या टोकाला मोटारसायकलची मूठ, पिरगाळली की वेग. स्टेअरिंगवर लाकडी मूठ बसवली, सीट तीन बोटं मागे सरकवली, कुबडीसाठी दाराला चामड्याचा पट्टा लावला. आरटीओच्या इन्स्पेक्टर साहेबांनी स्वतः चालवून पाहिली आणि कागदावर शिक्का दिला. हे सगळं तुला माहीत आहे. लिहिताना बरं वाटतं म्हणून लिहिलं.

परवा खर्डीहून जयराम नावाचा माणूस आला होता. चाळिशीचा असेल. कसाऱ्याला रुळांच्या कामावर असताना उजवा पाय घोट्यापासून गेला. आता खर्डी स्टेशनबाहेर त्याचं दुकान आहे. त्याच्याकडेही आपल्यासारखीच गाडी आहे. म्हणाला, "काका, तुमच्या पोरीला केलात तसा दांडा मला करून द्या." दांड्याबद्दल पेपरात आलं होतं, त्याचं कात्रण त्याने जपून ठेवलं होतं.

विचार करतो म्हणालो. तुला काय वाटतं ते कळव.

बाबा


सरळगाव
२० मार्च २००५

सारिका,

तुझं उत्तर आलं नाही. जयरामचं काम मी घेतलं. रविवारी आणि सुट्टीला बसून केलं. या वेळी पाइप जाड घेतला आणि जोड जास्त घट्ट बसवला.

गाडी न्यायला तो आणि त्याची बायको देवकी आली होती. ती फार बोलकी नाही. दांड्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "काका, राग नका धरू. तुमच्या पोरीच्या गाडीखाली बाई गेली ना? तवा हाच दांडा व्हता. मग आमी कसा भरवसा ठेवायचा?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "दांड्यात काही दोष नव्हता. साहेबांनी तपासून तसं लिहून दिलंय. पोर घाबरली, तिने दांडा ढकललाच नाय."

कोर्टाच्या कागदात आहे तेच मी सांगितलं. आई तेव्हा चहा घेऊन दारात उभी होती. ती आत न येता परत गेली. चहा पाहुण्यांना मीच नेऊन दिला.

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. बायकांना लेकीबद्दल बोललेलं लागतं, मला कळतं. तुझी चूक होती असं मी म्हणत नाही. घाबरणं ही काय चूक असते? मी म्हणेन एवढंच, की झालं ते झालं, कोर्टाने शिक्षा दिली, तीही संपली. तू आता घरी यावंस.

बाबा


सरळगाव
१९ मे २००५

सारिका,

आई टोकावड्याला मामाकडे गेली आहे. आठ दिवस झाले. तुला तिने सांगितलंच असेल.

जाताना तिने मला एकच विचारलं. पिशवी भरून झाली होती, चपला घातल्या होत्या. म्हणाली, "पोरगी त्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसलेली. मी तिला धरून होते. तुमी गाडीत वाकून काय करत व्हता?"

मी म्हणालो, तिची पर्स काढत होतो.

"पर्स माझ्या हातात व्हती," म्हणाली, आणि गेली.

भात लावतो, खातो, कामावर जातो. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

बाबा


सरळगाव
२६ जून २००५

सारिका,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन चुलीत घातली. हे झालं की लगेच डब्यात टाकणार, पुन्हा वाचणार नाही.

गेल्या रविवारी जयराम आणि देवकी आली. गाडी स्वतः चालवत आला होता खर्डीपासून, खूश होता. निघताना वाटेवर म्हशी आडव्या आल्या, त्याने जरा उशिरा ब्रेक दाबला. तेव्हा देवकी हसून म्हणाली, "काकांच्या पोरीसारखं करू नको हां, दांडा ढकल वेळेवर."

ती वाईट बाई नाही. मीच तिला ते शिकवलं होतं. मी म्हणालो, थांबा, खाली उतरा. आणि त्या दोघांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तुझ्या आधी परक्यांना सांगितलं, याचीही मला लाज वाटते. आता तुला सांगतो.

दांड्यापासून ब्रेकच्या पायपट्टीपर्यंत सळई जाते. दोन्हींच्या जोडात बोटाएवढी पिन असते. ती निसटू नये म्हणून तिच्या भोकातून स्प्लिट पिन घालून तिचे पाय वाकवतात. एवढीशी वस्तू. अपघात मंगळवारी झाला, २००३च्या सोळा सप्टेंबरला. त्याच्या आधीच्या रविवारी दांड्यात थोडा ढिलेपणा वाटला म्हणून मी जोड उघडला. जुनी स्प्लिट पिन सरळ करताना तुटली. घरात दुसरी नव्हती. मी तिथे बांधायची तार घातली आणि पिळली. तुला सांगितलं नाही. दोन दिवसांचा प्रश्न आहे, असं वाटलं. मी सत्तावीस वर्षं फिटर आहे. दुसऱ्या कुणी ब्रेकला तार बांधली असती तर मी त्याला कंपनीच्या गेटबाहेर काढला असता.

सोमवारी सेकंड शिफ्टला स्टोअरमधून नवी पिन घेतली, कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली. मंगळवारी मी उठलो तेव्हा तू शाळेत शिकवायला शहापूरला निघून गेली होतीस. मी तोच शर्ट घातला. चहा पीत होतो तेव्हा किन्हवलीचा एक दूधवाला मोटारसायकलवर आला आणि म्हणाला, पोरीने उतारावर बाई उडवली, चला.

आईला लगोलग मागून कुणाच्या तरी जीपमधून आणलं. आम्ही पोचलो तेव्हा बाईला दवाखान्यात नेलं होतं. रस्ताभर काकड्या पडल्या होत्या, तिच्या टोपलीतल्या. पोलीस यायचे होते. तू दगडावर बसली होतीस. मला बघितल्यावर पहिलं वाक्य तू बोललीस ते हे: "बाबा, दांडा रिकामा गेला."

मी गाडीत जाऊन वाकलो. पिन खाली रबरी चटईवर पडली होती. तार तुटली होती. हातब्रेक वर ओढलेला होता, म्हणजे तू तोही ओढला होतास. जे जे करायचं ते सगळं तू केलं होतंस.

मी सळई जागेवर आणली, पिन घातली, खिशातली नवी स्प्लिट पिन काढून बसवली आणि पाय वाकवले. नवी चमकू नये म्हणून ग्रीसचं बोट फिरवलं. तार खिशात घातली. एका मिनिटाचं काम. किती सफाईने केलं, हे मला आजही आठवतं आणि किळस येते.

दुसऱ्या दिवशी आरटीओच्या साहेबांनी दांडा ढकलून बघितला. ब्रेक लागला. त्यांनी लिहिलं, यांत्रिक दोष आढळला नाही. त्यांची काही चूक नाही. त्यांच्यासमोर जे होतं ते त्यांनी लिहिलं.

मग घरी. तू स्वयंपाकघरात बसून तेच तेच सांगायचीस, "मी ढकलला बाबा, रिकामा गेला." आणि मी म्हणायचो, "रिकामा कसा जाईल? साहेबांनी तपासलाय. तू घाबरलीस पोरी, ढकललाच नायस. माणसाला त्या वेळी कळत नाय आपण काय केलं." मी हे एकदा म्हणालो नाही. आठ महिने म्हणत होतो, प्रेमाने, पाठीवर हात ठेवून. मार्चमध्ये तू म्हणालीस, "ढकलला होता असं वाटतं." एप्रिलमध्ये म्हणालीस, "आठवत नाही." मे महिन्यात कोर्टात उभी राहिलीस आणि जज्जसाहेबांना म्हणालीस, "माझा हात सुटला, गुन्हा कबूल आहे." मी मागच्या बाकावर होतो. शिक्षा म्हणून कोर्ट उठेपर्यंत तुला तिथे बसवून ठेवलं, लायसन गेलं. शाळा तू स्वतः सोडलीस. घर सोडताना दारात म्हणालीस, "एकदा म्हणा बाबा, की दांडा रिकामा गेला असेल. खोटं म्हणा हवं तर." मी तेही म्हणालो नाही.

का केलं, हे तू विचारशील. तुरुंगाच्या भीतीने केलं असं लिहिलं तर तुला थोडं पटेल, पण ते खरं नाही. अपघाताच्या आधीच्या सव्वीस जानेवारीला शाळेत मला शाल घातली होती. पेपरात फोटो आला होता, लेकीला पाय देणारा बाप. शिफ्टवर साहेबलोक मला गणू म्हणायचे ते गणपतराव म्हणायला लागले. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. बाई मेली, तुझं आयुष्य मोडलं, आणि मी शाल सांभाळली. एवढंच आहे. याच्या खाली दुसरं काही नाही.

त्या दिवशी हे ऐकून देवकी म्हणाली, "तुमी बाप हाव का कोन हाव?" गाडी इथेच टाकून ती दोघं एस. टी.ने गेली.

बाबा


सरळगाव
७ ऑगस्ट २००५

सारिका,

तू उत्तर देणार नाहीस हे धरून लिहितो. पुढे काय झालं ते तुला कळायला हवं.

जयरामने माणूस पाठवून गाडी नेली. दांडा त्याने काढून माझ्या अंगणात ठेवायला सांगितला होता. माणसाने तो जिथे ठेवला तिथेच आहे.

नंतर मी ठाकूरवाडीला गेलो. त्या बाईचं नाव पारू. कोर्टात मी ते शंभरदा ऐकलं असेल, माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. नवऱ्याचं नाव धाऊ. किन्हवलीला उतरून शेताच्या बांधावरून तासभर चालावं लागतं. लावणी चालली होती. तो चिखलात उभा होता, मला बघून बांधावर आला. मी कोण ते सांगितलं. म्हणाला, "वळखतो. बसा."

बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, तुला लिहिलं तसंच. तार, पिन, सगळं. मला वाटलं होतं तो मारील. खरं तर मारावं असं वाटत होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. हाताचा चिखल गवताला पुसला. मग म्हणाला, "पोरीला सांगितलाव?"

"पत्र टाकलंय," मी म्हणालो.

"माझी सावळी तिच्यापाशी हाये."

मला कळेना. तेव्हा त्याने सांगितलं. तू घर सोडल्यावर महिन्याभराने इथे आली होतीस, कुबडी घेऊन, त्या बांधावरून. त्याच्या पायावर डोकं ठेवलंस. नंतर दर महिन्याला येत राहिलीस. या जूनमध्ये त्याची लेक तू नाशिकला वसतिगृहात नेलीस शिकायला. आईला हे माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं की पारूच्या मागे कोण आहे.

धाऊ म्हणाला, "आईबिगर पोर, मी कुनाला दिली नसती. मामा मागत व्हता, त्याला नाय दिली. हिच्या हातून माझी बायको गेली, ही सोता येऊन बोलली, रडली. म्हटलं, ही माझ्या पोरीला जीव लावील, हिला लावावाच लागंल. म्हनून दिली. आता तुमी सांगता हिच्या हातून नाय झालं. मंग मी माझी पोर कुनाला दिली?"

मग तोच म्हणाला, "जा तुमी," आणि चिखलात उतरला. बाकीच्या बायका लावणी थांबवून बघत होत्या.

सारिका, तो तुझ्याकडे येईल. पोरीला न्यायला येईल असं मला वाटतं. मी खरं बोललो आणि त्यानेही तुझंच काहीतरी जाणार. कसंही केलं तरी माझ्या हातून तुझंच जातं. हे मी दया मागायला लिहीत नाही. तू आधीच तयार असावंस म्हणून लिहितो.

सोमवारी शहापूरला पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी दोनदा विचारलं, "दोन वर्षांनी कशाला उकरता? पोरीची शिक्षा तर झाली." मी म्हणालो, "म्हणूनच." जबाब लिहून घेतला, सही केली. कंपनीतही सांगितलं, स्टोअरमधली पिन मी कशाला नेली होती ते. सध्या घरी बसायला सांगितलं आहे.

आई आलेली नाही. मी टोकावड्याला गेलो होतो, ती बाहेर आली नाही. मामाने पाणी दिलं, मी प्यायलो आणि परत आलो.

बाबा


नाशिक
३० सप्टेंबर २००५

बाबा,

तुमची पाचही पत्रं पोचली. पहिली तीन मी उघडली नव्हती. चौथं जाड होतं म्हणून उघडलं, मग बाकीची वाचली.

चौथं पत्र वाचल्यावर मी दोन दिवस वर्ग घेतला नाही. लोकांना वाटेल आनंद झाला असेल, सुटल्यासारखं वाटलं असेल. तसं झालं नाही. दांडा ढकलला होता हे मला पहिल्या दिवशी स्वच्छ माहीत होतं. तळहाताला त्याचा धक्का लागायचा तो लागला नाही, हात नुसता पुढे गेला, हे माहीत होतं. तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत. आता परत दिलंत, पण मला ते आठवत नाही. तुमच्या पत्रात वाचलेलं आठवतं. माझं स्वतःचं आठवणं गेलं ते गेलं.

धाऊदादा आले होते. नारळीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी. अंगणात बसले, पाणी प्यायले. मी म्हणाले, "दादा, मला दोन महिन्यांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. मी तुम्हाला फसवलं नाही." ते म्हणाले, "म्हाईत हाये. पन पोर घेऊन जातो." मी अडवलं नाही. सावळीचे दोन फ्रॉक आणि दप्तर बांधून दिलं. ती जाताना रडली नाही, मागे वळून बघितलंही नाही. बापाबरोबर घरी जायला कुणाला आवडत नाही? ती गेल्यावर मी तिच्या खाटेवरची चादर काढून धुतली.

अकरा दिवसांनी दुपारी फाटकाशी आवाज आला. धाऊदादा होते. सावळीचा हात त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "साळा बुडते." आत आले नाहीत. मी बसा म्हटलं तर म्हणाले, शेवटची गाडी चुकेल. अजून चार गाड्या होत्या. सावळी आहे. पाढे म्हणते आहे आत्ता, मला ऐकू येतंय.

इथल्या एका वकीलबाईंना मी तुमच्या पोलिसांतल्या जबाबाची नक्कल दाखवली. त्या म्हणाल्या, गुन्हा कबूल केलेला असला तरी ठाणे जिल्हा कोर्टात अर्ज करता येईल, पण सगळं तुमच्या साक्षीवर आहे. तुमच्यावर वेगळी केस होईल, तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी अर्ज केला. चौदा नोव्हेंबरची तारीख आहे. नोटीस तुम्हाला येईलच. लायसन परत मिळावं म्हणून मी हे करत नाही. पुन्हा गाडी चालवेन की नाही मला माहीत नाही. पारूच्या नावापुढे कागदावर जे लिहिलं आहे ते खोटं आहे, म्हणून करते आहे.

आई माझ्याबरोबर येईल. कोर्टानंतर आम्ही दोघी नाशिकला येऊ. ती सध्या इथेच राहील. तुम्ही आमच्याबरोबर येऊ नका, बाहेर थांबूही नका. पुढचं मला आज सांगता येत नाही.

मी धाऊदादांनाही तारीख कळवली आहे. ते येतो म्हणाले. तुम्ही पिंजऱ्यात उभे राहाल तेव्हा मी समोर असेन. मला माहीत आहे, तुम्ही माझ्याकडे बघून बोलाल, तुमचे डोळे भरतील, आणि तिथले सगळे म्हणतील, बिचारा बाप. तसं करू नका.

धाऊदादांकडे बघून बोला.

सारिका